कुठे, काय झालं, काय हवं

वरच्या मजल्यावरची सिस्टर माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली तेव्हा ती तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालेली होती. लेखीत तिला उत्तम गुण होते. तोंडीची तिसरी खेप शेवटची. ती पार पडली तर परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी आणि राहायला स्वतंत्र खोली. नाही तर अर्जच बाद, आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या वीस खाटांच्या इस्पितळातली रात्रपाळी, जी ती आठ वर्षं करत होती.

ती भाऊ आणि वहिनीबरोबर राहायची. सकाळी कामावरून येऊन स्वयंपाकघरात झोपायची, कारण दुसरी जागाच नव्हती. वहिनी बिचारी चमचासुद्धा हळू ठेवायची, पण स्वयंपाकघर ते स्वयंपाकघर.

"मला मोठी खोली नको, काका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "कडी हवी. आतून लावता येते ती."

मी शिक्षक नाही, हे मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. चौतीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. शाळांची इंग्रजी पुस्तकं आमच्याकडे छापली जात, आणि दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईनं खुणा करणं हे माझं काम. त्यामुळे व्याकरण पाठ होतं. पण स्वतःच्या तोंडानं इंग्रजी वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. एकदा छापखान्यात नवं यंत्र बसवायला परदेशी इंजिनियर आला होता. तो मला काही विचारेल या भीतीनं मी दोन तास कागदाच्या गोदामात बसून काढले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कोणी तरी मला बघूनच केली असावी.

तरी ती रोज चारला यायची. झोप झालेली असायची, कामाला जायला वेळ असायचा. मी तिला सांगायचो, "आधी वाक्य मनात पूर्ण बांधायचं. कर्ता, क्रियापद, सगळं जागेवर. एकदा तपासायचं. मगच तोंड उघडायचं." ती मान डोलवायची. परीक्षेत नेमकं काय होतं असं विचारलं तर म्हणायची, "समोरची बाई प्रश्न विचारते. मला उत्तर येत असतं. मी बांधायला घेते, आणि बांधून होईस्तोवर ती पुढच्या प्रश्नावर गेलेली असते."

हे ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी तिला आणखी बांधायला शिकवत राहिलो.

परीक्षेला महिना उरला आणि ती चारला येईनाशी झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. विचारलं की "दमले होते, काका" म्हणायची. एके दिवशी तिची वही माझ्याकडे राहिली होती, ती द्यायला मी वर गेलो. दार उघडंच होतं. सिस्टर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. कानांवर हेडफोन, हातात मोबाईल, आणि ती ओरडत होती. इंग्रजीत.

"लेफ्ट साइड! होल! वुड, वुड, क्विक!" मग पलीकडून कोणी तरी काही बोललं असावं, कारण ती खदखदून हसली आणि हसता हसताच एक लांबलचक वाक्य बोलून गेली, ज्यात क्रियापद चुकीच्या काळात होतं, दोन शब्दयोगी अव्ययं गायब होती, आणि कर्ता तर नव्हताच. पण ती थांबली नाही. एकदासुद्धा नाही.

मी वही उंबऱ्यावर ठेवली. तिनं मान वर केली.

"अय्या, काका! थांबा हं, जहाज बुडतंय."

नंतर तिनं समजावून सांगितलं. तो एक खेळ होता. वादळात सापडलेलं जहाज, त्यावर तीन-चार खलाशी, प्रत्येक जण आपापल्या घरून खेळणारा. जो सुकाणूवर असतो त्याला समुद्र दिसतो पण जहाजाचं पोट दिसत नाही. इंजिनाजवळ असतो त्याला फक्त इंजिन दिसतं. तळात असतो त्याला फक्त फळ्या आणि आत येणारं पाणी. म्हणून सगळ्यांना सतत बोलावं लागतं. जहाज बुडू द्यायचं नाही, एवढाच खेळ.

"कप्तान एक बाई आहे, काका. कुठल्या तरी थंड देशात बेकरीत काम करते. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच, दणकून चुकतं. आणि एक कॉलेजचा मुलगा आहे, तो फारसा बोलत नाही. कोणीच कोणाला हसत नाही. म्हणजे हसतात, पण तसं नाही."

"आणि व्याकरण?" मी विचारलं.

"पाणी गळ्याशी आल्यावर कुठलं व्याकरण!"

ती सहज बोलली. मला ते लागलं. मी घरी येऊन तिच्यासाठी काढून ठेवलेली प्रश्नोत्तरं पुन्हा फडताळात ठेवली. चौतीस वर्षं जे केलं ते एका मोबाईलच्या खेळानं दोन-तीन आठवड्यांत निकालात काढलं, असं काहीसं मनात होतं. असं मी आज म्हणतो. तेव्हा मनात नेमकं काय होतं ते मला सांगता येणार नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तिचा भाऊ भेटला. त्याला सगळे दादा म्हणतात, माझ्याहून तीस वर्षांनी लहान असूनही मीसुद्धा. तो बस चालवतो. आईवडिलांच्या माघारी बहिणीला त्यानंच वाढवलं, तिच्या शिक्षणासाठी स्वतःचं सोडलं. माणूस वाईट नाही. फक्त आवाज मोठा आणि धास्ती त्याहून मोठी.

"काय काका, आमच्या मॅडमची तयारी कुठवर?"

"चाललीये" एवढं म्हणून मला खाली उतरता आलं असतं. सात पायऱ्या होत्या. मी मोजल्या आहेत.

मी म्हणालो, "माझ्याकडे कुठे येते ती हल्ली. मोबाईलवर खेळत असते. कोणा कोणा परक्या माणसांशी बोलत."

"परकी म्हणजे?"

"मला काय ठाऊक? असतात जगभरातली."

कप्तान ही बाई आहे, बेकरीत काम करते, हे मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेनं आयुष्यभर इंग्रजीचं एक वाक्य जुळवलं नव्हतं, पण हे मात्र तिनं एका दमात, न तपासता बोलून टाकलं.

त्या संध्याकाळी वरून दादाचा आवाज ऐकू आला. शब्द कळले नाहीत. मी रेडिओ लावला.

दोन दिवसांनी चारच्या ठोक्याला दारावर टकटक झाली. सिस्टर होती. डोळे सुजलेले, पण वही हातात.

"दादानं मोबाईल काढून घेतला. परीक्षा होईपर्यंत मिळणार नाही म्हणे. कामावर जाताना वहिनीचा साधा फोन न्यायचा. कोणी तरी त्याचे कान भरले आहेत."

मी तिच्या हातातल्या वहीकडे बघत राहिलो.

"काका, बारा दिवस राहिलेत. तुमच्याकडे तो संगणक आहे ना आतल्या खोलीत? खेळ त्याच्यावर चालेल. मी दादाला सांगेन, तुमच्याकडे व्याकरणाला जाते. तुम्ही फक्त हो म्हणा."

तिला वाटलं मी विचार करतोय. मी लपत होतो. "हो," मी म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

खेळ संगणकावर रेंगाळत का होईना, पण चालला. अडचण वेगळीच निघाली. कॉलेजचा मुलगा त्याच्या परीक्षेमुळे यायचा बंद झाला होता आणि दोघींवर जहाज चालत नव्हतं. तिसरा माणूस हवा होता.

"काका, तुमच्या फोनवरही चालतो हा खेळ."

"छे, छे. भलतंच काय!"

"तळात बसायचं, भोकं बुजवायची. लहान पोरंही करतात."

"मी बोलू शकत नाही, सिस्टर."

"मीही बोलू शकत नव्हते," ती म्हणाली आणि माझ्या फोनला हेडफोन जोडू लागली.

एका खोलीत बसलो तर एकमेकांचे आवाज घुमायचे, म्हणून ती आतल्या खोलीत दार लावून बसली आणि मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. कानात वादळ सुरू झालं. माझ्यापुढे अंधारी फळ्यांची भिंत होती, आणि डाव्या हाताला एक भोक पडून पाणी आत येऊ लागलं. फळ्या इंजिनाच्या खोलीत असतात, तिथे आता सिस्टर होती, तिच्याकडून मागवाव्या लागत. मी वही ओढली, पेन घेतलं आणि लिहायला लागलो. 'कृपया मला एक फळी पाठवण्याची तसदी घ्याल का' याचं निर्दोष इंग्रजी करायला मला दीडएक मिनिट लागलं. एक उपपद खोडून बदललं. मान वर केली तेव्हा जहाज समुद्राच्या तळाशी होतं.

हेडफोनमध्ये एक जाडसर, हसरा आवाज आला. कप्तान. नव्या माणसाचं इंटरनेट मंद आहे का, असं ती इंग्रजीत विचारत होती.

"नेट ठीक आहे," सिस्टर तिला म्हणाली. "माणूस स्लो आहे."

कप्तान एवढी हसली की मला वाटलं हेडफोन फुटतील. त्या दिवसापासून जहाजावर माझं नाव 'लोडिंग' पडलं.

माझी वही सिस्टरनं काढून घेतली. म्हणाली, "कप्तानचा एकच नियम आहे. कुठे, काय झालं, काय हवं. तीन गोष्टी, याच क्रमानं, बाकी काही नाही. प्लीज नाही, सॉरी नाही. वॉर्डात पाळी बदलताना आम्ही असंच सांगतो की. सात नंबर खाट, ताप चढलाय, सलाईन बदला. तिथे कोणी 'तसदी घ्याल का' म्हणत बसलं तर पेशंट वर जाईल."

तिसऱ्या दिवशी मी बोललो. "लेफ्ट. होल. वुड." आवाज घोगरा होता, कोणा दुसऱ्याचाच वाटला. लगेच फळी आली. मी ती भोकावर बसवली, पाणी थांबलं, आणि कानात कप्तान ओरडली, "गुड, लोडिंग, गुड!" मी सत्तरी ओलांडलेला माणूस. तरी लहान पोरासारखा पुढचं भोक शोधायला लागलो.

पाचव्या-सहाव्या दिवशी वाक्यं यायला लागली. चुकीची, लंगडी, पण पायांवर चालणारी. वादळ थांबलं की थोडा वेळ शांत पाणी असतं, तेव्हा आम्ही गप्पा मारायचो. कप्तान तिच्या भट्टीबद्दल सांगायची, सिस्टर तिच्या खाटांबद्दल. कप्तान मुद्दाम तिला परीक्षेतल्यासारखे प्रश्न विचारायची. सिस्टर आता थबकत नव्हती. चुकायची आणि तशीच पुढे जायची. मला कळून चुकलं की मी तिला नेमकी उलटी गोष्ट शिकवत आलो होतो. ते कबूल करायला मला जड गेलं नाही. दुसरी गोष्ट जड जात होती.

रोज पाचला जाताना ती दारात म्हणायची, "काका, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं?" मी तोंड उघडायचो, वाक्य बांधायला घ्यायचो. तोवर ती जिना चढून गेलेली असायची. परीक्षा झाली की सांगू, आता तिचं मन कशाला बिघडवा, असं मी स्वतःला समजावलं होतं. कारण खरं होतं. पण मला ते फार आवडत होतं, आणि जे कारण इतकं आवडतं त्यावर विश्वास ठेवू नये.

परीक्षा पाच दिवसांवर आली होती. वादळ ऐन जोरात असताना दारावर थाप पडली. मी फोन हातात, हेडफोन कानांवर, तसाच उठून दार उघडलं. दादा होता. कामावरून आलेला, अंगावर गणवेश.

"हे काय काका, कानाला?"

"बातम्या ऐकतो. इंग्रजी. उच्चारांसाठी."

"या वयात! धन्य आहे तुमची. मॅडम कुठेत?"

"आत. लिहायला दिलंय."

"बसू द्या, बसू द्या. मी आत येत नाही." तो चौकटीला टेकला आणि आवाज त्याच्या परीनं खाली आणला. "एक सांगायचं होतं. तुम्ही त्या दिवशी जिन्यात तिच्या मोबाईलचं बोललात ना, ते फार बरं झालं. मला पत्ताच नव्हता. आता कशी रोज वही घेऊन खाली येते बघा. पास झाली तर तुमच्यामुळे."

माझ्या हेडफोनला तोंडाशी येणारी एक छोटी दांडी आहे. तिच्यात माईक असतो. तो चालू होता.

दादाचं बोलणं जसंच्या तसं जहाजावर गेलं असणार हे मला त्याचं वाक्य संपता संपता कळलं. कप्तानला आमची भाषा येत नाही. सिस्टरला येते.

कानात काही क्षण नुसता वारा वाहत होता. मग तिचा आवाज आला, इंग्रजीत, वॉर्डात बोलावा तसा.

"लोडिंग. इंजिनाची खोली. खालून पाणी येतंय. फळ्या पाठवल्यात."

"बरं, निघतो," दादा म्हणाला. मी दार लावलं, खुर्चीवर बसलो आणि भोकं बुजवली. ती सांगत गेली, मी करत गेलो. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. जहाज बंदराला लागलं. आम्ही पहिल्यांदाच एवढी मोठी फेरी पूर्ण केली होती. कप्तान आनंदानं टाळ्या पिटत होती.

आतलं दार उघडलं. सिस्टरनं हेडफोन टेबलावर ठेवले, त्यांची वायर नीट गुंडाळली.

"सिस्टर, मी तुला..."

ती थांबली. खरंच थांबली. मी वाक्य शोधत राहिलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, वॉर्डात घड्याळ लावून नाडी पाहावी तसं, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चारला ती आली नाही. मी तिला चिठ्ठी लिहायला बसलो. जेवणापर्यंत सहा मसुदे झाले, मध्यरात्रीपर्यंत अकरा. प्रत्येकाला मी लाल शाईनं तपासलं. शेवटच्या चिठ्ठीत एकही चूक नव्हती, आणि ती वाचून कोणालाही वाटलं असतं की यात माझा फारसा दोष नव्हता. मी अकराही फाडल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जहाजावर गेलो. कप्तान एकटीच होती, बंदरात दोर बांधून.

"नर्स कुठे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. वही नव्हती. कर्ता, क्रियापद, काळ, सगळं सांडत सांडत सांगितलं. जिना. मी भावाला बोललो. फोन गेला. ती माझ्यावर भरवसा ठेवत होती. तिला कळलं. असंच काहीसं. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब इंग्रजी बोलणं ते, आणि सगळ्यात अशुद्ध.

कप्तान हसली नाही. म्हणाली, "कुठे सांगितलंस. काय झालं सांगितलंस. काय हवं?"

"तिनं मला माफ करावं," मी म्हणालो.

"ते तुला हवं. जहाजाला काय हवं?"

मी नेहमीप्रमाणे विचार करायला लागलो. तिनं थोडा वेळ वाट पाहिली.

"लोडिंग," ती शेवटी म्हणाली, "तू चुकीच्या जहाजावर बसला आहेस. वर जा."

मी वर गेलो. चप्पल घालायचं विसरलो, ते दारात लक्षात आलं. दादा जमिनीवर बसून बूट पुसत होता. वहिनी डबे लावत होती. सिस्टर भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचत होती, निदान तसं दिसत होतं.

"या काका! अनवाणीच?"

मी वाक्य बांधलं नाही. बांधलं असतं तर परत फिरलो असतो.

"दादा, जिन्यात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. ती खेळत होती ते शिकण्यासाठी. पलीकडे एक बेकरीत काम करणारी बाई असते. मला ते माहीत होतं, मी लपवलं. ती माझ्याकडे यायची बंद झाली त्याचा मला राग आला होता. आणि गेले सात-आठ दिवस ती माझ्या घरी तोच खेळ खेळतेय. मीही खेळतोय. त्यातूनच ती बोलायला लागली आहे. माझ्यामुळे नाही. परीक्षेला तीन दिवस आहेत. तिला तिचा फोन परत द्या."

दादाच्या हातातला बूट तसाच राहिला. त्याच्या मोठ्या आवाजाची मला सवय होती, हळू बोलण्याची नव्हती.

"म्हणजे आधी तुम्ही माझ्याकडे तिची चहाडी केलीत," तो हळू म्हणाला, "आणि मग तिला घरात बसवून मला फसवलंत. मी येऊन तुमचे आभार मानले, तेव्हाही. काका, एक बाजू तरी धरायची होती."

मी माझ्या अनवाणी पायांकडे बघत होतो.

"आणि ती गेली की आम्ही दोघांनीच राहायचं इथे," तो म्हणाला. हे तो मला म्हणाला नसावा.

सिस्टरनं मान वळवली नाही. तेव्हा वहिनी उठली. आजवर मी तिला दोन वाक्यांपलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं फळीवरचा पिठाचा डबा खाली काढला, त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवीत गुंडाळलेला मोबाईल बाहेर काढला. पदरानं पुसून तो तिनं सिस्टरच्या पुस्तकावर ठेवला. "चार्जिंग नसेल," एवढंच म्हणाली.

दादा पुन्हा बूट पुसायला लागला. तोच बूट, जो केव्हाचा चकचकीत झालेला होता. मी खाली आलो.

परीक्षा झाली. कशी झाली ते तिनं मला सांगितलं नाही. त्या दिवशी चारनंतर ती जहाजावर आली आणि कप्तानला सांगितलं. मीही तळात होतो म्हणून ऐकलं. समोरच्या बाईनं विचारलं होतं, तुम्ही काम करता त्या जागेचं वर्णन करा. सिस्टरनं वॉर्ड सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच इंजिनाच्या खोलीत शिरली. बाहेरचं काही दिसत नाही, फक्त आवाजावर भरवसा ठेवून काम करावं लागतं, असं काही बोलत सुटली. किती चुका झाल्या मोजल्या नाहीत म्हणाली. कप्तान म्हणाली, छान. मीही काही तरी म्हणायला हवं होतं. तेवढ्यात लाट आली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. ती पास झाली. हवे होते त्याहून अर्धाच गुण जास्त. हे मला वहिनीनं जिन्यात सांगितलं. दादा आता मला नमस्कार करतो, पण काका म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

ती गेली त्या दिवशी मी दार उघडून उभा होतो. दादा दोन बॅगा घेऊन पुढे उतरला. मागून ती, खांद्यावर एक पिशवी. माझ्यासमोर ती थांबली. मी रात्रभर एक वाक्य तयार केलं होतं, आपल्याच भाषेतलं, आणि आता मी ते मनात पुन्हा तपासू लागलो. ती थांबून राहिली. खालून दादाची हाक आली.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "चारला बोला."

पण चारला ती नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. दहा दिवस मी आणि कप्तान बंदरात दोर बांधून बसलो. कप्तान म्हणाली, नवीन देश, नवीन कामाच्या वेळा, थांब. मी थांबलो. मला ते येतं.

अकराव्या दिवशी आम्ही उगाच गप्पा मारत होतो. कप्तानच्या भट्टीचं दार नादुरुस्त झालं होतं, ती त्यावर बोलत होती. मध्येच कानात खट्ट आवाज झाला. लोखंडावर लोखंड सरकल्याचा. मग सिस्टरचा आवाज.

"माझी खोली," ती इंग्रजीत म्हणाली. "आतून कडी लावली आहे. काही नको."

कप्तान आनंदानं ओरडली. 'काही नको' हे ती कप्तानला म्हणाली की मला, आणि मला म्हणाली असेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, याचा मी विचार करू लागलो. तेवढ्यात दोर सुटले. डाव्या बाजूनं पाणी आत येत होतं.

"लेफ्ट," मी म्हणालो. "होल. वुड."

फळी आली.